नोकरी गेली, काम मिळालं

भांडण मिटवणं हे काही पगारी काम असू शकतं, असं आपल्याकडे फारसं कुणाला वाटत नाही. घरातली थोरली बाई, गल्लीतले चार जाणते लोक, नाहीतर गावचे सरपंच हे ते काम जाता जाता करतात. पण दोन देशांमधलं भांडण? ते मिटवायला आज संयुक्त राष्ट्रसंघात आणि कितीतरी संस्थांमध्ये शिकलेली, अनुभवी माणसं असतात. युद्ध पेटायच्या आधी तिथे जाणं, दोन्हीकडचं ऐकणं, अहवाल लिहिणं, चर्चेला बसवणं हीच त्यांची रोजची नोकरी. शंभर वर्षांपूर्वी मात्र अशी नोकरीच अस्तित्वात नव्हती. ती ज्या थोड्या माणसांनी स्वतःच्या अंगावर घेऊन उभी केली, त्यात एक अमेरिकन प्राध्यापक बाई होती. एमिली ग्रीन बॉल्च तिचं नाव. १९४६ सालचं शांततेचं नोबेल तिला मिळालं. तिच्या काळात तिचं नाव वर्तमानपत्रांतून गाजलं, कधी कौतुकानं, जास्त वेळा शिव्याशापांनी. आपल्याकडे जेन ॲडम्स निदान समाजकार्याच्या अभ्यासक्रमात तरी भेटते, तिची ही जोडीदारीण मात्र कुठेच भेटत नाही. म्हणून आज तिची गोष्ट.

एमिली जन्मली ८ जानेवारी १८६७ रोजी, अमेरिकेत बोस्टनजवळ. घर खाऊन-पिऊन सुखी, सुशिक्षित. वडील वकील. ते तरुणपणी चार्ल्स समनर या सिनेटरचे सचिव होते. समनर गुलामगिरीच्या विरोधात लढणारा म्हणून प्रसिद्ध, आणि युद्धाच्याही विरोधात बोलणारा. म्हणजे घरात हे विषय जेवताना निघत असणार. एमिली सतरा वर्षांची असताना आई गेली. अशा वेळी थोरल्या-जाणत्या मुलीनं शिक्षण सोडून घर बघायचं, ही रीत तिकडेही होतीच. पण वडिलांनी तिला कॉलेजात घातलं. ब्रिन मॉर नावाचं मुलींचं कॉलेज नुकतंच, १८८५ साली, सुरू झालं होतं. १८८९ मध्ये तिथून पदवी घेऊन जी पहिली तुकडी बाहेर पडली, त्यात एमिली होती.

कॉलेजनं तिला शिष्यवृत्ती देऊन पॅरिसला पाठवलं. तिथे तिनं विषय घेतला तो गरिबांना मिळणाऱ्या सरकारी मदतीचा. पुढे त्यावर तिचं पुस्तकही आलं. पण पुस्तकातली गरिबी आणि खरी गरिबी यात फरक असतो, हे कळायला तिला वेळ लागला नाही. १८९२ मध्ये बोस्टनच्या गरीब वस्तीत डेनिसन हाऊस नावाचं घर सुरू झालं, ते सुरू करणाऱ्यांत ती होती. शिकलेल्या बायकांनी वस्तीतच राहायला जायचं, शेजारी होऊन राहायचं, मुलांचे वर्ग घ्यायचे, कामगार बायकांना संघटित करायचं, अशी ही कल्पना. माझ्यासारख्या वस्तीत जाऊन काम करणाऱ्या बाईला यातला फरक लगेच समजतो. आम्ही दुपारी जातो आणि दिवेलागणीला घरी परततो. तिथे राहणं ही वेगळीच गोष्ट आहे.

१८९६ पासून ती वेलस्ली कॉलेजात अर्थशास्त्र शिकवू लागली. हेही मुलींचंच कॉलेज, नावाजलेलं. तिचे विषय पाहिले तर त्या काळात भुवया उंचावल्या असतील: कामगार चळवळ, समाजवाद, स्थलांतर, बायकांचं अर्थव्यवस्थेतलं स्थान. विद्यार्थिनींना ती फळ्यापुरतं शिकवत नसे, वस्त्यांमध्ये पाठवून माहिती गोळा करायला लावी. मॅसॅच्युसेट्स राज्यात १९१२ साली किमान वेतनाचा कायदा झाला, अमेरिकेतला तो पहिला. त्या राज्याच्या किमान वेतन आयोगावरही तिनं काम केलं.

त्याच सुमाराला अमेरिकेत पूर्व युरोपातून लाखो माणसं येत होती. खाणींत, कारखान्यांत राबणारे हे झेक, स्लोव्हाक, पोलिश, क्रोएशियन लोक तिथल्या बड्यांना अडाणी आणि घाणेरडे वाटायचे. एमिलीनं ठरवलं, ही माणसं आहेत कोण ते बघू. एक वर्ष बिनपगारी रजा काढली आणि ती ऑस्ट्रिया-हंगेरीत जाऊन राहिली, थोडी झेक भाषाही शिकली. मग अमेरिकेत परतून त्यांच्या वस्त्या हिंडली. १९१० साली तिचं जाडजूड पुस्तक आलं. परप्रांतीयांबद्दल ऐकीव गोष्टींवर बोलण्यापेक्षा त्यांच्या दारात जाऊन विचारणं ही तिची पद्धत. ही पद्धत तिनं शेवटपर्यंत सोडली नाही. (मला तिला अहो-जाहो करणं काही जमत नाही. इतके दिवस तिच्याबद्दल वाचल्यावर ती मैत्रीणच वाटायला लागली आहे.)

१९१४ साली पहिलं महायुद्ध पेटलं तेव्हा एमिली सत्तेचाळीस वर्षांची होती. कॉलेजात विभागप्रमुख. मान होता, पगार होता. पुढच्या वर्षी हॉलंडमधल्या हेग शहरात जगभरातल्या बायकांची परिषद भरणार असं ठरलं. आपले नवरे-मुलगे एकमेकांना मारताहेत आणि त्यांच्या बायका-आया एकत्र बसून शांततेच्या अटी ठरवणार! वर्तमानपत्रांनी टिंगल केली नसती तरच नवल. पण एप्रिल १९१५ मध्ये चाळीसहून अधिक अमेरिकन बायका जेन ॲडम्सबरोबर नूरडॅम नावाच्या बोटीवर चढल्या. एमिलीही त्यात होती. समुद्रात पाणसुरुंग पेरलेले, पाणबुड्या फिरताहेत. इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ बोट चार दिवस अडवून ठेवली गेली. त्या बायका पोचल्या तेव्हा परिषद अगदी तोंडावर आली होती. इंग्लंडहून १८० बायका यायच्या होत्या. सरकारनं पासपोर्ट दिले मोजक्यांना, आणि मग बोटीच बंद केल्या. त्यांच्यापैकी तिघीच कशाबशा हजर राहू शकल्या. हे धोके कागदावरचे नव्हते. परिषद १ मे रोजी संपली आणि ७ मेला लुसिटानिया ही प्रवासी बोट जर्मन पाणबुडीनं बुडवली.

बारा देशांतल्या हजाराहून जास्त बायका तिथे जमल्या. जर्मनीच्या होत्या, बेल्जियमच्या होत्या. आता हे नीट लक्षात घ्या, बेल्जियमवर तेव्हा जर्मन सैन्य बसलेलं होतं. नियम एकच ठेवला होता: हे युद्ध कुणामुळे झालं, यावर चर्चा करायची नाही. माझ्या मते हा नियम करणारी बाई फार हुशार असली पाहिजे. नवरा-बायकोची प्रकरणं हाताळताना आम्हीही हेच शिकलो, की सुरुवात कुणी केली या प्रश्नात शिरलं की संध्याकाळ तिथेच होते.

परिषदेत एक योजना मंजूर झाली. ती अमेरिकेत कॉलेजात शिकवणाऱ्या ज्युलिया ग्रेस वेल्स या बाईनं आखलेली होती. साधी कल्पना. युद्ध थांबण्याची वाट न बघता तटस्थ देशांच्या जाणकारांची एक समिती बसवायची. तिनं दोन्ही बाजूंना तोडग्याचे प्रस्ताव पाठवत राहायचं. नाकारले तर सुधारून पुन्हा पाठवायचे. कुणालाच आपण आधी हात पुढे केला असा कमीपणा यायला नको. आज मध्यस्थीचं काम करणाऱ्यांना यात काही नवल वाटणार नाही. तेव्हा मात्र ही गोष्ट नवीन होती.

नुसते ठराव करून या बायका घरी गेल्या नाहीत. त्यांनी दोन पथकं केली आणि देशोदेशीच्या सरकारांकडे निघाल्या. जेन ॲडम्सचं पथक लढणाऱ्या देशांच्या राजधान्यांकडे गेलं. एमिलीच्या पथकात स्कॉटलंडची क्रिस्टल मॅकमिलन, हंगेरीची रोझिका श्विमर आणि हॉलंडची एक बाई होती. ब्रिटन आणि हंगेरी एकमेकांचे शत्रू. त्या दोन देशांच्या बायका एकाच गाडीतून, एकाच बोटीतून प्रवास करत होत्या. डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन करत त्या रशियात पोचल्या आणि तिथल्या परराष्ट्रमंत्र्यांना भेटल्या. नॉर्वेच्या राजानंही त्यांना वेळ दिला. सगळीकडे आदरानं ऐकून घेतलं गेलं. तटस्थ देश म्हणायचे, दुसऱ्या कुणी पुढाकार घेतला तर आम्ही येऊ. लढणारे देश म्हणायचे, कुणी मध्यस्थी केली तर आम्ही हरकत घेणार नाही. म्हणजे सगळे तयार, पण पहिलं पाऊल कुणी टाकायचं? सगळ्यांची नजर अमेरिकेच्या अध्यक्षांवर. एमिली परत येऊन वुड्रो विल्सन यांना भेटली. त्यांनी सौजन्यानं ऐकलं आणि शब्द काही दिला नाही.

पुढच्या वर्षी स्टॉकहोममध्ये मोटारवाल्या हेन्री फोर्डच्या पैशावर तटस्थ देशांच्या लोकांची खासगी परिषद बसली. फोर्डच्या शांतता जहाजाची जगभर चेष्टा झाली होती, तरी एमिली तिथे गेली आणि काम करत राहिली. वसाहतींचा कारभार एकट्या एका देशाच्या हाती न ठेवता आंतरराष्ट्रीय देखरेखीखाली कसा चालवावा, याचा मसुदा तिनं तिथे तयार केला. महायुद्धानंतर राष्ट्रसंघानं जी पद्धत आणली, ती काहीशी अशाच वळणाची होती.

एप्रिल १९१७ मध्ये अमेरिकाच युद्धात उतरली. मग सगळं वारं फिरलं. काल शांततेच्या सभांना येणारे लोक आज झेंडे घेऊन धावू लागले. युद्धाला विरोध म्हणजे देशद्रोह. एमिली तेव्हा रजेवर न्यूयॉर्कमध्ये होती. सैन्यात जायला सदसद्विवेकबुद्धीनं नकार देणाऱ्या तरुणांची बाजू ती उघडपणे घेत होती, सभांमधून बोलत होती. वेलस्लीत तिची नेमणूक पाच वर्षांची असे. ती मुदत १९१८ मध्ये संपली. विश्वस्तांनी निर्णय वर्षभर लांबवला आणि १९१९ मध्ये नेमणूक पुढे चालू न ठेवण्याचं ठरवलं. वीस वर्षांहून जास्त नोकरी, वय बावन्न, लग्न केलेलं नाही, पेन्शनची आशा गेली. सहकाऱ्यांपैकी बऱ्याच जणी तिच्या बाजूच्या होत्या. पण तिनं गाजावाजा करायला नकार दिला. आपण जे केलं त्याचे परिणाम आपण सोसायचे, असा तिचा स्वभाव. मला स्वतःला वाटतं, तिनं भांडायला हवं होतं. तिच्यामागून येणाऱ्या प्राध्यापक बायकांसाठी तरी. पण तिचा पिंड तो नव्हता.

मे १९१९ मध्ये झुरिकला बायकांची दुसरी परिषद भरली. चार वर्षांनी भेटलेल्या मैत्रिणी एकमेकींना ओळखू येईनात. जर्मनी-ऑस्ट्रियाच्या बायका उपासमारीनं खंगून गेल्या होत्या, कारण दोस्तांनी युद्ध थांबल्यावरही त्यांची नाकेबंदी उठवली नव्हती. व्हर्सायच्या तहाच्या अटी तेव्हा नुकत्याच बाहेर आल्या होत्या. या परिषदेनं त्या अटींचा निषेध केला, यातून द्वेष वाढेल आणि पुढची युद्धं पेटतील, असं स्पष्ट नोंदवलं. असं बोलणारी ती पहिली आंतरराष्ट्रीय सभा. वीस वर्षांनी काय झालं ते आपण इतिहासात वाचलंच आहे. याच परिषदेत एक प्रसंग घडला. फ्रान्सची एक प्रतिनिधी उशिरा पोचली. तिचा भाग युद्धात पार उद्ध्वस्त झालेला. व्यासपीठावरच्या जर्मन बाईनं पुढे होऊन तिला फुलं दिली, हात दिला. फ्रेंच बाईनं तो घेतला. तेव्हा एमिली उठून उभी राहिली आणि हात वर करून तिनं युद्ध संपवण्यासाठी आयुष्य वेचण्याची शपथ घेतली. पाठोपाठ सगळं सभागृह उभं राहिलं.

त्या परिषदेतून एक कायमची संघटना उभी राहिली, विमेन्स इंटरनॅशनल लीग फॉर पीस अँड फ्रीडम. तिची पहिली आंतरराष्ट्रीय सचिव आणि खजिनदार झाली एमिली. राष्ट्रसंघ जिनिव्हाला येणार म्हणून या बायकांनीही आपलं कार्यालय जिनिव्हालाच थाटलं. अध्यक्षपद जेन ॲडम्सकडे, कीर्तीही तिचीच. कचेरी एमिलीची. पत्रं लिहायची, वेगवेगळ्या देशांच्या शाखांमधले रुसवेफुगवे काढायचे, जमाखर्च ठेवायचा, राष्ट्रसंघाच्या प्रतिनिधींना गाठून लहान देशांचे आणि अल्पसंख्याकांचे प्रश्न त्यांच्या कानावर घालायचे, तरुणांसाठी उन्हाळी शिबिरं घ्यायची, १९२१ च्या व्हिएन्ना परिषदेची तयारी करायची. महिला मंडळाची सेक्रेटरी झालेल्या बाईला विचारा, अध्यक्षांचा फोटो येतो तेव्हा मागे रात्र रात्र कोण जागलेलं असतं. त्याच काळात, १९२१ मध्ये, ती क्वेकर झाली. ख्रिश्चनांमधला हा छोटा पंथ युद्धात भाग न घेणारा म्हणून ओळखला जातो. प्रकृतीनं साथ दिली नाही तेव्हा १९२२ मध्ये तिनं सचिवपद सोडलं.

आता हैतीबद्दल सांगायलाच हवं, कारण मला तिचं सगळ्यात मोलाचं काम ते वाटतं.

हैती हा कॅरिबियन समुद्रातला छोटा देश. गुलामांनी बंड करून १८०४ साली स्वतंत्र केलेला. १९१५ मध्ये तिथल्या अध्यक्षाचा खून झाला, त्याचं निमित्त करून अमेरिकन नौसैनिक उतरले आणि मुक्कामच ठोकला. परकीयांना जमिनी घेता येतील असं नवं संविधान आलं. रस्ते बांधायला शेतकऱ्यांना वेठीला धरलं गेलं. बंड झालं, ते चिरडलं. अमेरिकेतल्या लोकांना मात्र एवढंच ठाऊक, की आपण तिथे रस्ते आणि दवाखाने बांधतोय. लीगच्या हैतीमधल्या सभासद बायकांनी लिहिलं, येऊन बघा. १९२६ साली एमिली सहा जणांचं पथक घेऊन गेली. पाच बायका आणि एक अर्थशास्त्रज्ञ. पाचांपैकी दोघी कृष्णवर्णीय अमेरिकन, ॲडी हंटन आणि शार्लट ॲटवुड. त्या काळच्या अमेरिकेत गोऱ्या आणि काळ्या बायकांनी एका पथकात, बरोबरीनं जाणं साधं नव्हतं.

जवळजवळ तीन आठवडे ते हिंडले. शेतकरी, शिक्षक, संपादक, हैतीचे पुढारी, आणि अमेरिकन अधिकारीसुद्धा, सगळ्यांचं ऐकलं. १९२७ मध्ये एमिलीनं संपादित केलेला अहवाल पुस्तकरूपानं आला. तो वाचणाऱ्याला आधी आश्चर्य वाटेल, कारण त्यात शिवीगाळ नाही. सैनिकांनी रस्ते केले, आरोग्याची कामं केली, हे तिनं प्रामाणिकपणे मान्य केलंय. अधिकारी व्यक्ती म्हणून वाईट नाहीत, असाच तिचा सूर आहे. पण कितीही चांगला कारभार असला तरी तो दुसऱ्याच्या घरात घुसून केलेला आहे, त्यामुळे हैतीची माणसं स्वतःचं राज्य चालवायला शिकत नाहीत, उलट ती ताकद मारली जातेय, म्हणून लष्कर काढा आणि कारभार त्यांच्या हाती द्या, असा तिचा निष्कर्ष. आपण दीडशे वर्षं इंग्रजांचं राज्य पाहिलेली माणसं. रेल्वे आली, टपाल आलं, हे आपणही ऐकत आलोय. एका अमेरिकन बाईनं आपल्याच सरकारला हे सांगावं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

लगेच काही घडलं नाही. डिसेंबर १९२९ मध्ये हैतीत नौसैनिकांनी निदर्शकांवर गोळीबार केला, माणसं मेली, तेव्हा कुठे अध्यक्ष हूव्हर यांनी १९३० मध्ये सरकारी आयोग पाठवला. त्यानंही बरंचसं तेच सांगितलं. १९३४ मध्ये सैन्य निघालं.

त्याच वर्षी लीगची तिजोरी रिकामी झाली होती. सदुसष्टाव्या वर्षी एमिली पुन्हा जिनिव्हाला गेली आणि दीड वर्ष सचिवपद सांभाळलं, तेही पगार न घेता. जर्मनीत हिटलर आलेला. तिच्या ओळखीच्या कितीतरी बायका देशोधडीला लागल्या होत्या. निर्वासितांना अमेरिकेत आणण्यासाठी तिनं पत्रं लिहिली, जामीन मिळवले, आणि निर्वासित हे ओझं नसून देशाची मिळकत आहेत, असं सांगणारी पुस्तिकाही काढली.

आणि मग तिच्या आयुष्यातला सगळ्यात अवघड प्रश्न आला. युद्धाला विरोध करून नोकरी गमावलेली बाई. पण ज्यूंचं काय चाललंय हे तिला इतर अनेकांपेक्षा आधी आणि जवळून कळत होतं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिका उतरली तेव्हा तिनं युद्धाला विरोध केला नाही. नाझींना हरवल्याशिवाय गत्यंतर नाही, या निर्णयाला ती आली, फार यातना सोसून. लीगमधल्या कट्टर शांततावादी मैत्रिणी दुखावल्या. ती मात्र लीग सोडून गेली नाही, आणि सैन्यात जायला नकार देणाऱ्या तरुणांची बाजू घेणंही तिनं थांबवलं नाही. पश्चिम किनाऱ्यावरच्या लाखाहून जास्त जपानी वंशाच्या लोकांना अमेरिकी सरकारनं छावण्यांत डांबलं, तेव्हा त्यांच्यासाठीही ती झटली. काहींना यात विसंगती दिसते. मला नाही दिसत. ती नेहमी समोरच्या माणसाकडे बघून ठरवायची.

१९४६ मध्ये नोबेल जाहीर झालं ते जॉन मॉट आणि तिला मिळून. अमेरिकन बायकांमध्ये तिच्याआधी फक्त जेन ॲडम्सला, १९३१ मध्ये, ते मिळालेलं. एमिली तेव्हा एकोणऐंशी वर्षांची होती आणि आजारी. तिच्या नावाची शिफारस करणाऱ्यांत वेलस्ली कॉलेजच्या अध्यक्षबाईही होत्या. होय, तेच वेलस्ली. बक्षिसाच्या रकमेतला बहुतेक वाटा तिनं लीगला देऊन टाकला. नोबेलचं व्याख्यान द्यायला ओस्लोला जाणं तिला जमलं ते थेट एप्रिल १९४८ मध्ये.

शेवटची वर्षं ती केंब्रिजमधल्या एका नर्सिंग होममध्ये राहिली. ध्रुवप्रदेश, समुद्रातले जलमार्ग, विमान वाहतूक यांवर एकाच देशाची मालकी नको, ते सगळ्यांच्या देखरेखीखाली असावं, हा विषय तिनं कितीतरी वर्षं लावून धरला होता. डिसेंबर १९५९ मध्ये बारा देशांनी अंटार्क्टिका फक्त शांततेच्या कामासाठी वापरायचा करार केला, तेव्हा ती हयात होती. ९ जानेवारी १९६१ रोजी ती गेली. चौऱ्याण्णवावा वाढदिवस आदल्याच दिवशी झाला होता.